वेगळी चिठ्ठी

पगारानंतरचा गुरुवार. मस्कत, अल खुवैर.
दारातच निखाऱ्यांवर मिश्काक,
धूर आमच्याआधी टेबलापाशी पोहोचलेला.
सहा जण आम्ही,
पाच जणांना मेनूकार्ड लागतं, मला लागत नाही.
हम्मुस, फत्तूश, मसुराचं सूप, लिंबू-पुदिना.
गेली सहा वर्षं हेच.

पहिल्या वर्षी मी व्हेज बिर्याणी मागवली होती.
वेटर म्हणाला, काळजी नको साहेब,
तुकडे सगळे काढून आणतो.
बिनीश इतका हसला की ठसका लागला,
आणि वजाहतने तेव्हापासून एक काम अंगावर घेतलं:
माझं सूप आलं की आधी त्याच्यापुढे.
एक चमचा, डोळे मिटून,
सियालकोटी जिभेवर हाडाचा अर्क शोधत.
मग वाटी माझ्याकडे सरकते,
"खा ले यार, घास-फूस ही है."

सहा वर्षं मी त्याचं उष्टं खातोय.
गडहिंग्लजला आईला हे सांगितलेलं नाही.

दिवसभर मी काँक्रीट मोजतो,
घनमीटर, दशांश चिन्हापुढे तीन घरं.
इथल्या रियालालाही तीनच घरं,
हजार बैसा म्हणजे एक रियाल.
आपला पैसाच तो, समुद्र ओलांडून बैसा झालेला.
जुन्या मराठीत मात्र बैसा म्हणजे बसा,
या, बैसा, पान वाढलंय.

बिल येतं. बेचाळीस रियाल सहाशे बैसा.
शरीफ फोन काढतो, भागिले सहा,
सात-शंभर प्रत्येकी, यल्ला.
माझं होतं दोन-दीडशे.
पाच रियालला पन्नास बैसा कमी, इतका मी जास्तीचा देतो,
रोडेलच्या खेकड्याचे, हिलालच्या शुवाचे,
आणि जे ताटात उरतं, कुणीच खात नाही, त्या अर्ध्या मेंढ्याचे.
घरी परतताना गाडीत गुणाकार करतो.
लाज वाटते, तरी करतो.
बायकोला एकदा आकडा सांगितला,
ती म्हणाली, मग सांग ना त्यांना.
सांगायचं म्हणजे कसं, तेच तर.

काल नवा वेटर होता, चितगावचा पोरगा, हुशार.
त्याने न सांगताच दोन चिठ्ठ्या आणल्या.
मोठी शरीफपुढे.
छोटी माझ्या बशीखाली, हळूच,
"सर, आपका अलग कर दिया."

दोन-दीडशे. अगदी बरोबर. माझाच आकडा.

आणि मला आमच्या गोठ्याचा कोनाडा दिसला.
त्यात पालथी घातलेली एक जर्मनची थाळी, एक कप.
भैरूचा. कान तुटलेला.
ऊस तोडून आला की तो स्वतःच तो कप विसळायचा,
उंबऱ्याबाहेर धरायचा,
आणि आई वरून चहा ओतायची, कपाला किटली लागू न देता.
त्याचंही आम्ही
वेगळं करून ठेवलं होतं.
कुणी वाईट बोलत नव्हतं. हुशारीने, हळूच.

टेबलावर कुणाचं लक्ष नव्हतं.
रोडेल खेकड्याची नांगी फोडत होता,
वजाहत माझ्या सुपात लिंबू पिळत होता, न विचारता.
मी दोन्ही चिठ्ठ्या एकत्र केल्या,
चाळीस-साडेचारशे अधिक दोन-दीडशे,
आणि शरीफला म्हटलं, भागिले सहा.
पोरगा माझ्याकडे बघत राहिला,
चुकलं की काय आपलं, अशा नजरेने.
त्याला वेगळी टीप दिली. ती हिशेबात धरलेली नाही.

एवढं सगळं कळूनही
पाच रियालला पन्नास कमी, ते टोचतच होतं.
बिल द्यायच्या आधी मी हात वर केला,
कुनाफा आणा म्हटलं, दोन.
एक माझ्यापुढे.
दुसराही माझ्यापुढेच.
वजाहत चमचा घेऊन वाकला,
आधी चाखायला.